शून्य नंबरचा चष्मा

चष्मा दीडशे रुपयांचा आणि नंबर शून्य. ओळख झाल्यावर परभणीच्या बाजारात तिनं तो माझ्यासमोर घेतला. तुम्हीही तिला पाहिलं असेल: पेडगावच्या पुढून येणाऱ्या ऑटोत कडेला बसलेली, पदरानं काचा पुसणारी. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं.

"डोळ्याला दाखवायला जायलेय, दादा."

परभणीत उतरली की चष्मा पिशवीत. नाक दुखतं म्हणायची.

मीही ठरल्या गुरुवारी त्याच ऑटोत असे. माझं उत्तर होतं, बँकेचं काम. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या रांगेत आम्ही पहिल्यांदा समोरासमोर आलो तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बँक हितं भरती का?"

मी आईच्या गोळ्यांसाठी जात होतो. आई माणसं विसरायला लागली होती. ही चष्म्याची बाई मुलासाठी येई. मुलगा तिशीतला, शांत, शिवणकाम करणारा. एकदा गोळ्या चुकल्या तेव्हा तो कानातल्या आवाजांमागे चालत निघाला आणि पूर्णा स्टेशनवर सापडला. तेव्हापासून तिनं तारीख चुकवली नाही. गावात हे फक्त मला ठाऊक होतं. तिच्या धाकट्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, म्हणून झाकणं भाग होतं.

मग नियम बदलला. गोळ्या आता ज्याच्या त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रात. खिडकीतल्या माणसानं चांगल्या मनानंच सांगितलं की तुमचं भाडं वाचलं.

"साहेब, भाडं मी देते. गावात नको."

पण तिचा कागद गावी रवाना झाला होता. घरात दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

शनिवारी केंद्राचा व्हरांडा गच्च भरलेला. लेकरांना टोचायला आलेल्या बाया, बीपीचे म्हातारे, आणि बाकावर होणाऱ्या व्याह्यांची बहीण. गोळ्या वाटणारी बाई प्रत्येकाला मोठ्यानं विचारी, कशाच्या?

"डोळ्याच्या," ती म्हणाली.

"मावशी, डोळ्याच्या हितं मिळत न्हाईत. सरका."

ती हलेना. मी तिच्या मागेच होतो. तिनं वळून बाकाकडं पाहिलं, मग चष्मा काढून खिडकीत ठेवला.

"लेकाच्या हायेत. त्याला आवाज ऐकू येतेत. गोळी घेतली की येत न्हाईत. परभणीहून कागद आलाय, बघा."

गोळ्या घेऊन ती पायरीवर टेकली, तशी एक ओली बाळंतीण लेकरू घेऊन तिच्याजवळ सरकली. "मावशी, मला झोपच न्हाई. नुसतं रडू येतंय. हे बी हितंच सांगायचं का?"

माझी पाळी आली. मी आईचं नाव आणि आजार, दोन्ही सांगितलं.

सोयरीक मोडली. कारण दिलं, मुलगी सावळी आहे. मी विषय काढला तर ती म्हणाली, "त्यांना कवातरी कळलंच असतं. गोळ्या तर मिळायल्यात." धाकटी पुढं बोरीला दिली, आधी सगळं सांगून.

गेल्या थंडीत ती छातीच्या दुखण्यानं गेली. आता लेक स्वतः रांगेत येतो. तिनं चष्मा कधी परत नेलाच नव्हता. वाटपाच्या बाईनं परवा तो त्याच्या हाती दिला. त्यानं डोळ्यांना लावून व्हरांडाभर पाहिलं. सगळं होतं तसंच दिसत होतं. चष्मा परत खिडकीत ठेवून त्यानं गोळ्या घेतल्या.