ताटलीकडे पाठ फिरवणारा शिपाई

कालव्याचा पूल मागे पडला आणि मामा तिसऱ्यांदा थांबला. कुत्री थांबली म्हणून तो थांबला होता. तिला विजेच्या खांबाचा वास घ्यायचा होता, आणि मामाच्या मते कुत्र्याने वास घेणं म्हणजे माणसाने वर्तमानपत्र वाचणं. मध्येच ओढायचं नाही.

“जाहिरातीसुद्धा वाचते का रे ही?” भाचीने विचारलं.

“तुला घाई असेल तर तू हो पुढे, मास्तरीणबाई.”

भाचीला घाई नव्हती, गुडघे तेवढे कुरकुरत होते. स्टुडिओपासून घर चांगलं दोन तासांच्या चालीवर. सिनेमा कंपनीची गाडी दारात उभी होती, पण कुत्रीला गाडी लागते, आणि कुत्री चालणार म्हटल्यावर मामाही चालणार. वय वर्षं शहात्तर. त्याला एकटं सोडायचं कसं, म्हणून एकोणसाठाव्या वर्षी शाळेतून नुकतीच मोकळी झालेली भाची पर्स काखेत मारून निघाली. त्या पर्समध्ये मामाचं उद्याचं भाषण होतं, तिच्याच अक्षरात.

मामा सिनेमातल्या कुत्र्यांचा मास्तर. त्याचे वडील परीट. लहानपणी तो नटांचे इस्त्रीचे कपडे घेऊन स्टुडिओत जायचा, तेव्हा वाटेतली चार-पाच कुत्री त्याच्यामागे हमखास यायची. एकदा एका दृश्यात कुत्रं जागेवर बसेना, तर कुणीतरी म्हणालं, “त्या परटाच्या पोराला बोलवा.” पोराने नुसतं ‘बस’ म्हटलं आणि कुत्रं बसलं. त्या दिवसापासून कपड्यांची गाठोडी धाकट्या भावाकडे गेली.

पण मामाचं नाव झालं ते शिपाईमुळे. शिपाई हे सिनेमातलं नाव. घरी त्याला ढब्बू म्हणत, कारण तो होताच तसा, खायला काळ आणि भुईला भार. त्या सिनेमात म्हातारा रखवालदार मरतो आणि त्याचा कुत्रा शिपाई रिकाम्या खाटेपाशी पडून राहतो. शेजारची छोटी मुलगी त्याच्यापुढे ताटली ठेवते. शिपाई ताटलीकडे पाठ फिरवतो, मान वर करून एका कोपऱ्यात बघत राहतो आणि डोळे मिटतो. बस, एवढंच. पण या एवढ्याशा दृश्याने तीन पिढ्यांना रडवलं आहे. धन्याचा जीव कुठे गेला ते मुक्या प्राण्याला दिसतं, असं लोक म्हणत. भाचीने तर तीस वर्षं वर्गात निष्ठेचा धडा आला की पुस्तक मिटून शिपाईची गोष्ट सांगितली होती. ‘तो आमच्या मामाचा बरं का’ असं म्हटलं की वर्ग चिडीचूप होई. देवापुढे बसताना खोटं बोललेलं आठवलं तर ती माफी मागत असे. या गोष्टीसाठी माफी कधी मागावी लागली नव्हती.

त्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली. गावातल्या जुन्या थिएटरची डागडुजी झाली होती आणि उद्या संध्याकाळी तिथे पहिला खेळ शिपाईचाच होता. पुढच्या दहा रांगा शाळेच्या पोरांना. मध्यंतरात मामाचा सत्कार, आणि मग मामाचा तो ठरलेला किस्सा: “दिग्दर्शक ‘कट’ म्हणाले तसा शिपाई माझ्याकडे वळून म्हणाला, मास्तर, आता उपास सोडू का?” प्रत्येक सत्कारात हा किस्सा, प्रत्येक सत्कारात हशा. भाचीने तो भाषणात जिथल्या तिथे घातला होता.

आणि आजच नवा सिनेमा करणाऱ्या एका तरुण दिग्दर्शक मुलीने मामाला बोलावलं होतं. तिला आपल्या सिनेमात तसंच दृश्य हवं होतं: कुत्री, ताटली, पाठ फिरवणं. हल्ली सेटवर प्राण्यांच्या देखरेखीसाठी एक बाई असतात. त्या मामाला म्हणाल्या, “आजोबा, उपाशी ठेवायचं नाही, मारायचं नाही, भीती घालायची नाही. मग कसं करणार?”

“तिला पोटभर खाऊ घालीन,” मामा म्हणाला.

सगळे हसले. मामाने खरंच कुत्रीला उकडलेलं मांस आणि भात मनसोक्त खाऊ घातला, आवारात दोन फेऱ्या मारल्या, आणि उन्हाने ऊबदार झालेल्या फरशीवर तिला बसवलं. समोर ताटली आली. कुत्रीने हुंगलं, लग्नघरी तिसऱ्यांदा पंगतीला बसवलेल्या पाहुण्यासारखा एक सुस्कारा टाकला, तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. पहिल्याच खेपेला शॉट पास. दिग्दर्शक मुलीने डोळे पुसले. मामा मात्र बाहेर पायरीवर जाऊन बसला तो अर्धा तास उठला नाही. उन्हाने भोवळ आली असेल म्हणून भाचीने पाणी दिलं. त्याने ते कुत्रीला पाजलं.

आता कुत्रीचा खांब वाचून झाला. तिघं चालू लागली.

“इतकं सोपं होतं गं,” मामा म्हणाला.

“काय?”

“आजचं. पोट भरलेलं कुत्रं कशाला खाईल? कुणालाही सुचेल. मला पन्नास वर्षांपूर्वी सुचलं नाही.”

“अरे, पण शिपाईने केलंच की. याच्याहून सुंदर.”

रस्त्याच्या कडेला सायकलच्या दुकानात कुणी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतं. मामाही ते बघत राहिला.

“ढब्बू खादाड. सात वेळा ताटली ठेवली, सात वेळा त्याने चाटूनपुसून साफ केली. दिग्दर्शक म्हणाले, परवापर्यंत जमवा नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी सव्वीस वर्षांचा. त्याला मागच्या शेडमध्ये बांधला. दोन दिवस ताटली समोर ठेवली. तोंड पुढे आलं की छडी. पोटात कण नाही. डोळे खोल जायला हवे होते ना.”

भाचीचे पाय आपोआप हळू झाले.

“तिसऱ्या दिवशी एका शॉटमध्ये झालं. टाळ्या पडल्या. तो मान वर करून कोपऱ्यात बघतो ना, धन्याचा जीव दिसतो म्हणतात ते? त्या कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या बाजूला मी उभा होतो. तो माझ्या हाताकडे बघत होता. हातात छडी होती.”

भाचीने पर्स छातीशी धरली. नऊ वर्षांची असताना तिने मामाच्या घरी पाहिलं होतं: ढब्बू अंगणात बसलेला आणि मामा त्याला एकेक घास हाताने भरवतोय. मामी दारातून म्हणे, “मला कधी भरवला नाही एक घास, त्याचे काय लाड.” लहान मुलीला वाटलं होतं, याला म्हणतात माया.

“ताटलीत खातच नसे का मग?” तिने विचारलं.

“मरेपर्यंत नाही. अकरा वर्षं. ताटली दिसली की कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. हातातून मात्र खायचा. ज्या हातात छडी होती त्याच हातातून. मला माफ केलं म्हणून नव्हे हं, दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून.”

“आणि तू छडी सोडलीस.”

“लगेच नाही. अजून दोन सिनेमे छडीवर केले. पोट होतं, नाव होतं. पण घरी रोज एक जण माझ्या हातातून जेवायचा आणि जेवताना माझ्या दुसऱ्या हाताकडे बघायचा. किती दिवस सोसणार? तिसऱ्या सिनेमाला छडी मोडली.”

त्यानंतरचं भाचीला ठाऊक होतं. खिशात मांसाचे तुकडे घेऊन फिरणारा, एका उडीसाठी तीन आठवडे मागणारा मामा. त्याला ‘उशीर मास्तर’ म्हणू लागले, कामं निम्म्यावर आली. मामी म्हणायची, “यांच्या सदऱ्याच्या मागे मांजरं लागतात.” पण त्याच्या हाताखाली शिकलेली सहा-सात माणसं आज त्याच पद्धतीने काम करतात, आणि त्यातल्या एकीनेच नव्या दिग्दर्शक मुलीला मामाचं नाव सांगितलं होतं.

“मी तीस वर्षं पोरांना सांगत आले,” भाची म्हणाली. “निष्ठा म्हणून.”

“मी पन्नास वर्षं विनोद म्हणून. तुझं बरं, तुला ठाऊक नव्हतं.”

“उद्या पुढे पोरंच असणार आहेत, मामा. त्यांचा शिपाई त्यांच्याकडून काढून घ्यायचा?”

“काढून कशाला घ्यायचा? त्याला ताटलीची भीती का वाटली ते कळलं तर पोरं त्याच्यावर जास्तच जीव लावतील. कमी झालाच तर माझ्यावरचा होईल. होऊ दे. आणि आजचं पण सांगायचंय. की पोटभर खाऊ घालूनही तेच होतं. त्यांच्यातलं एखादं उद्या सिनेमा करेल, नाहीतर घरी कुत्रं पाळेल. त्याला पन्नास वर्षं लागायला नकोत.”

ऐकताना भाचीला वाटलं, देवाने हा दिवस मुद्दाम उशिरा दिला, पण दिला. बोलली मात्र नाही. मामाला देवाचं नाव घेतलं की जांभई येते.

“रात्री नवं भाषण लिहून देते,” ती म्हणाली. “आधीचं फाडते.”

“नको. कागद असला की मी तुझं वाचतो, माझं राहून जातं. आणि कागद नसला तर काय होईल, मी स्वतःला ओळखतो. समोर एवढी माणसं, पोरं हसायला टपलेली, तोंडातून आपसूक येईल ते ‘उपास सोडू का’.” त्याने कुत्रीची दोरी दुसऱ्या हातात घेतली. “तू पहिल्या रांगेत बस. मी तो किस्सा सुरू केला, तर मोठ्याने काही म्हणू नकोस. नुसती उभी राहा, आणि मी खरं बोलेपर्यंत बसू नकोस.”