जर्मनाचा पेला

आमचा धंदा फुलांचा. मळा नदीपलीकडे, आणि संध्याकाळी पडवीत सगळं घर झेंडूचे हार गुंफायला बसे. शेजारचे मास्तर कंदिलाजवळ बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. आमचे हात चालत, त्यांचं तोंड. त्याबद्दल सकाळी त्यांच्या देवाला फुलं फुकट.

त्या वर्षी रोज जर्मनीचीच बातमी. चौदा सालची लढाई हरल्याची नुकसानभरपाई जर्मनी देईना आणि फ्रान्स सोडीना, म्हणून परिषद भरणार होती.

"मागं हप्ता थकला तेव्हा फ्रान्सनं सैन्य घालून कोळशाच्या खाणी धरल्या होत्या," मास्तर म्हणाले. "आता जर्मनीचं म्हणणं, आमचं जे जे नेलंत त्याची किंमत आधी वजा करा."

माझ्या हातातला दोरा तुटला. जर्मनाचा पेला आमच्या कोनाड्यात होता.

माझा काका त्या लढाईत खेचरं हाकायला फ्रान्सात जाऊन आला होता. पेला तिथला. बुडाशी परकी अक्षरं कोरलेली. आमच्याकडे पळीवरसुद्धा नाव घालून घेतात, तेव्हा ते मालकाचं नाव हे मला कुणी सांगायला नको होतं. मी नऊ वर्षांची आणि स्वतःला दिवाणापेक्षा शहाणी समजणारी. जप्ती मी पाहिली होती. गल्लीतल्या एकाचे हंडे बेलिफानं उचलून नेले, तेव्हा तो माणूस दारात नुसता उभा होता. जर्मन तर पेल्याबरोबर काकालाही नेणार, यात मला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या वाटेवर टोपीवाला गोरा दिसला. मिशनचा असेल बिचारा. मी घरी पळाले, पेला ओच्यात लपवला आणि तांबटाचं दुकान गाठलं.

"मामा, हे नाव ठोकून घालवा. त्याच्यावर आमचं घाला."

"कुणाचं हाय हे?"

"जर्मनाचं."

"मग त्याला इचारलंस का?"

मी भोकाड पसरलं. जगाचा तंटा मिटवायला निघालेली बाई नाक ओच्याला पुसत होती. तांबटानं हातोडी खाली ठेवली. संध्याकाळी तो स्वतःच पेला घेऊन पडवीत आला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मास्तर हसता हसता ठसकले. "अहो, ही पोर परिषदेला पाठवा."

काका हसला नाही. त्यानं पेला हातात घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"चोरीचा नाय हा," तो म्हणाला. "जर्मन कैद्यांचा तळ आमच्या शेजारी व्हता. लय थंडी. त्यातल्या एका पोरानं तारेच्या कुंपणातून गरम पाणी दिलं ह्याच्यात. आता भांडं रिकामं कसं परत द्यायचं? म्हणून गूळ आणाया गेलो. येतो तर तळ उठलेला. कुठं नेलं, कुणी सांगंना."

"आणि तो मागायला आला तर?" मी विचारलं.

"आला तर देईन की. त्याचाच हाय."

मला वाटलं होतं काका म्हणेल, येडी का काय, कोण येतंय. तो तसं म्हणाला नाही. म्हणजे जर्मन येणार. मग मी ठरवलं, तो आला की दारातूनच पेला द्यायचा, काकाला बाहेर पडूच द्यायचं नाही. पेल्यात गुळाचा खडा टाकून तयार ठेवला. चार दिवसांत कोनाड्यापासून चुलीपर्यंत मुंग्यांची रांग लागली, आणि आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

काकानं पेला अंगणात नेऊन मुंग्या झटकल्या. गूळ फेकेल असं मला वाटलं. त्यानं तो पुसून परत पेल्यात ठेवला, पेला फडक्यात बांधला आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवला. पुढं कडी वाजली की मी आधी काकाच्या तोंडाकडे बघायची. तो हातातला हार खाली ठेवून दाराकडे बघत असे.