रांगेतला शेवटचा

पूर्वी तो हातभट्टी लावायचा. बाप्तिस्मा घेऊन बजाजनगरच्या आमच्या मंडळीत आला, तेव्हापासून दर रविवारी उपासनेत उठून आपण कसे बदललो याची साक्ष देतो, ठरल्या वाक्याला रडतो. रुमाल आधीच काढून ठेवलेला असतो. मला त्या रडण्याचा वीट आलाय.

प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना एकच. त्याचा उष्टा प्याला कुणालाच नको असतो, म्हणून तो आपणहून रांगेत शेवटी थांबतो. परवा मला उशीर झाला अन् मी त्याच्या मागं आलो. तो लगेच बाजूला सरला.

"व्हा पुढं, मास्तर. मी हाये की शेवटी."

काय ही नाटकी नम्रता! पण मी पुढं झालो.

पापी लोकांच्या पंगतीत जेवणाऱ्या येशूचा धडा त्या दिवशी मीच वाचला होता, खणखणीत आवाजात.