कायद्याच्या ग्रंथालयातली माझी मदत

टेबलावर पडलेलं एक जाडजूड पुस्तक मी उचललं, रुमालानं त्याची धूळ पुसली आणि कपाटात लावून टाकलं. एवढंच केलं. चोरलं नाही, फाडलं नाही, पान दुमडलं नाही. तरी त्या एका कामापायी एका पोरीचं धारवाडला जाणं रद्द व्हायची पाळी आली.

आधी मी तिथं काय करत होतो ते सांगतो. मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर आमचं कापडाचं दुकान आहे. दुकान माझं म्हणायचं, चालवते बायको. मुलीचं लग्न झालं, मुलगा हैदराबादला नोकरीला लागला आणि घरात माझं ऐकणारं कुणी उरलं नाही. वकील झालो तर निदान न्यायाधीशाला तरी ऐकून घ्यावं लागेल, असं मनाशी धरून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी कलबुर्गीला विद्यापीठात कायद्याला नाव घातलं. आठवडाभर मेव्हण्याच्या घरी मुक्काम, शनिवार-रविवार दुकानात. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना मी सर वाटलो. खोटं कशाला सांगू, मीही लगेच 'विद्यार्थी आहे' म्हणालो नाही. 'बसा, बसा' म्हणालो.

ग्रंथालयाच्या मॅडम पन्नाशीच्या. कुठलाही निकाल विचारा, त्या मान वर न करता नुसता हात करायच्या आणि हात बरोबर त्याच कपाटाकडं जायचा. नव्या पोरांसाठी त्या एक तास राखून ठेवत. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे कसे वाचायचे, संगणकावर निकाल कसा हुडकायचा, ज्यांना पुस्तकं घेणं जमत नाही त्यांना वर्षभरासाठी ती कशी मिळतात, अडलं तर कुणाला विचारायचं, असं सगळं सांगत. तो तास मी बुडवला. पुस्तकं तर डोळ्यांनी दिसतात, त्यात शिकायचं काय, असा माझा विचार. शिवाय गेटासमोर मिरची भज्यांचा घाणा नुकताच निघत होता.

मग संगणकावर मी एका बोटानं 'जमीन' असं टाइप करायचो आणि सगळ्या देशाची जमीन समोर यायची. मॅडम उठून यायच्या, "अण्णा, आधी साल टाका," म्हणायच्या आणि परत जायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी कंटाळल्या नाहीत. एवढ्या उपकारांची थोडी परतफेड करावी असं मला वाटू लागलं, आणि तिथंच घोळ झाला.

ग्रंथालयात भिंतीवर मोठी पाटी होती. वाचून झालेली पुस्तकं कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या. कन्नडमध्ये होती, इंग्रजीतही होती. मला दोन्ही वाचता येतात, म्हणजे 'वाचता आली नाही' म्हणायची वाट बंद. पण आमच्याकडं पाहुणा जेवून उठला की घरची मंडळी म्हणतात, "ताट राहू द्या, राहू द्या." म्हणून कुणी खरंच ताट तसंच ठेवून उठतं का? चांगल्या घरचा माणूस ताट उचलतोच. मला ती पाटी तसलीच वाटली. मॅडम आपल्या चांगुलपणानं 'राहू द्या' म्हणतायत, आपण समजून घ्यावं.

तर एका गुरुवारी संध्याकाळी ते जाड पुस्तक टेबलावर दिसलं. मरून रंगाचं, वर सोनेरी अक्षरं. मी नजर फिरवली. पलीकडच्या कपाटात त्याच रंगाची, त्याच उंचीची एक रांग होती आणि मधे एक फट. दुकानात मी तीस वर्षं तागे असेच लावत आलो. पुस्तक फटीत असं चपखल बसलं की मी दोन पावलं मागं सरून बघितलं.

शुक्रवारी सकाळी ग्रंथालयात गेलो तर गडबड चाललेली. संतपूरकडची एक मुलगी मॅडमच्या टेबलासमोर उभी होती. वडील सोयाबीन-तूर पिकवणारे, घरात कॉलेजात आलेली ही पहिलीच. आमच्याकडं खोट्या खटल्यांची एक स्पर्धा असते. पोरं काळा कोट घालून दोन्ही बाजू मांडतात आणि खऱ्या वकिलांकडून शिव्या खातात. त्यासाठी धारवाडला जाणाऱ्या दोन जोड्यांपैकी एकीत तिची निवड झाली होती. तिच्या बाजूचा सगळा भार आमच्या भागाचं हायकोर्ट हैदराबादला होतं त्या काळातल्या एका निकालावर होता. तो संगणकावर नव्हता. एकाच खंडात होता, आणि त्या खंडाची ग्रंथालयात एकच प्रत होती. ती प्रत गायब होती, आणि पुस्तक वाचायला घेणाऱ्यांच्या वहीत शेवटचं नाव तिचं होतं.

मॅडम कन्नडमध्ये बोलत होत्या. मी इथं आपल्या भाषेत सांगतोय, पण कन्नडमध्ये ते जास्त लागत होतं.

"दरवर्षी कुणीतरी हेच करतं. स्पर्धा आली की पुस्तक भलत्याच कपाटात दडवायचं, म्हणजे दुसऱ्या जोडीला मिळत नाही. दडवणारा स्पर्धेतून बाहेर, हा नियम तुला ठाऊक आहे ना?"

"मॅडम, मी टेबलावरच ठेवून गेले." तीही कन्नडमध्येच बोलत होती, पण शपथ घेताना मराठीवर आली. "आईची शपथ, मी कामून दडवू? मलाच तर पायजे की ते!"

तोवर मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. उलट मी पुढं झालो. "बघू द्या, मी हुडकतो," म्हणून शर्टाच्या बाह्या सारल्या आणि हुडकता हुडकता सगळ्या पोरांना सुनावलं, "वस्तू जिथली तिथं ठेवायची सवयच न्हाई राहिली तुम्हाला. आमच्या दुकानात असं चालत न्हाई." पोरं खाली मान घालून ऐकत होती. माझं बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ऐकत होतं.

आणि मग ती मरून रांग समोर आली.

पुस्तक मी जसं लावलं होतं तसंच होतं, अगदी सरळ, एक सूतभरही पुढं-मागं नाही. इतकं नीट दुसऱ्या कुणी लावलंच नसतं. मी ते काढलं, वर धरलं आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "सापडलं!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"कुठं होतं?"

"तिकडं. टॅक्सच्या पुस्तकांत."

"टॅक्सच्या पुस्तकांत ते आपल्या पायांनी गेलं का?" मॅडम त्या मुलीकडं वळल्या. "म्हणजे दडवलंच होतं. आता मी स्पर्धेच्या सरांना चिठ्ठी देते." आणि शिपायाला म्हणाल्या, "अण्णांसाठी चहा सांगा. या वयात माणूस एवढी धावपळ करतोय."

चहा आला. मी तो घेतला. हे सांगायला मला आज बरं वाटत नाही, पण घेतला. समोर मॅडम चिठ्ठी लिहीत होत्या. मुलगी रडत नव्हती, पिशवीत वह्या भरत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं. मी मनात म्हणत होतो, मॅडमचा राग उतरेल, सर समजूतदार आहेत, आपोआप मिटेल. अर्धा कप झाला तरी काही मिटलं नाही. मुलगी दाराकडं निघाली तेव्हा मी कप खाली ठेवला.

"मॅडम, ते मी ठेवलं होतं."

"काय?"

"पुस्तक. काल संध्याकाळी."

"याके अण्णा?" मॅडमनी विचारलं. का, एवढंच.

"रंग जुळत होता."

मागच्या बाकावरून एकजण फिसकन हसला आणि सगळं ग्रंथालय हसायला लागलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी फाडली, ते पुस्तक मुलीच्या हातात दिलं आणि झेरॉक्सकडं बोट केलं. ती पळतच गेली.

"पाटी वाचता येते ना?"

"येते. दोन्ही भाषांत."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही आपलं भिडेखातर लिहिलंय."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "अजून कुठली कुठली लावलीत अशी?"

मी बोटांवर मोजायला लागलो आणि बोटं संपली. ते पाहून मॅडम पहिल्यांदा हसल्या, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. मी बुडवलेला तास त्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत घेतला. मला प्रत्येक कपाटासमोर उभं केलं, पाठीवरचे आकडे मोठ्यानं वाचायला लावले, आणि मी लावलेली पुस्तकं एक एक काढून टेबलावर ठेवायला लावली. ढीग छातीपर्यंत आला.

संध्याकाळच्या बसनं मी गावी आलो. बायको दुकानात साड्यांच्या घड्या घालत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. हुडकण्याचा भाग जरा थोडक्यात आणि कबुलीचा भाग जरा सावकाश. शेवटी म्हणालो, "सगळ्यांसमोर खरं सांगितलं बघ. कोण सांगतंय आजकाल?"

तिनं हातातली घडी पुरी केली. "मॅडमला सांगितलाव ते कळालं. त्या लेकराला काय म्हणलाव?"

"ती झेरॉक्सला गेली होती. मग मला मॅडमनी धरलं. मग बसची वेळ झाली..."

"धारवाडला कवा जायलीय ती?"

"रविवारी सकाळी."

"मग उद्या पहिल्या गाडीनं परत जावा. दुकान मी बघते. आन् तिथं गेल्यावर आधी 'पोरी, माझं चुकलं' म्हणा. भाषण मागून करा, तिला ऐकायचं असलं तर."