पाचव्या माळेच्या चपला

देवीवर मी चिडले होते, हे आधी कबूल करते. मधुमेहाने माझ्या पायांच्या नसा बिघडल्या होत्या. आधी तळव्यांची नुसती आग व्हायची, मग हळूहळू पाय बधिर झाले. चप्पल निसटून मागे राहिली तरी मला पत्ता नसायचा. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मी काय केलं, तर पायांत जाण परत यावी म्हणून नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचा नवस बोलले! ह्यांना कळूही दिलं नाही.

पाचव्या माळेला बाळकुमच्या देवळात ओटी भरून मी मंडपात आले. एक अनोळखी कोळीण, चाळिशीची असेल, सवाशीण म्हणून माझ्या पाया पडायला वाकली. मला कुणी पाया पडलेलं आवडत नाही. मी मागे सरले, तर फरशीवर लाल ठसा. म्हटलं, कुंकू सांडलं असेल.

"कुंकू नाय, आई, रगत हाय," असं म्हणत तिने मला खाली बसवलं आणि पाय उचलून पाहिला. "टाचणी घुसलीय पायान. दुखत नाय तुमाला?"

दुखत नव्हतं. मंडपाची टाचणी अंगठ्याखाली रुतली होती, भोवतीची कातडी काळपट झाली होती. कधीपासून, देव जाणे. तिने टाचणी काढली, पाय मांडीवर घेऊन धुतला, रुमाल बांधला आणि स्वतःच्या चपला माझ्या पायांत सरकवल्या.

"नवस मोडेल गं."

"देवीला मी सांगन. तुमी गुमान दवाखान्यान जा."

रिक्षातही तिनेच बसवलं. डॉक्टर आधी भरपूर रागावले, मग म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर अंगठा कापावा लागला असता. मी तिथेच रडले. महिनाभर ड्रेसिंग चाललं, शुगर ताळ्यावर आली, अंगठा राहिला. आता आग पुष्कळ कमी आहे, बधिरपणा मात्र आहेच.

चपला परत करायला दोनदा गेले, पण ती पुन्हा दिसली नाही. आमचे हे म्हणतात, योगायोग. असेल. मी देवीकडे मागणंही मागितलं आणि ते कसं पुरवायचं तेही मीच ठरवून दिलं. तिने माझं ठरवणं मोडलं आणि पाय वाचवला. आता रोज सकाळी आरसा धरून दोन्ही तळवे बघते, गोळी घेते, मग दिवा लावते. आणि कुणी पाया पडायला वाकलं तर मागे सरत नाही. उलट विचारते, "बघ गं, पाय ठीक आहेत ना माझे?"