शनिवारचं कुलूप

आमच्या बालवाडीला शनिवारी कुलूप असे आणि त्या कुलपाचा मला फार अभिमान होता. बालवाडी काढली बाईंनी, स्वतःच्या पैशानं. बाई बेने इस्राएल, ज्यू. कोकणातून लग्न होऊन औरंगाबादेत आलेल्या. शनिवारी त्यांचा शब्बाथ, कुठल्याच कामाला हात लावत नसत. आजोबांचा तेलाचा घाणाही त्या दिवशी बंद असे, असं सांगत. त्या शनिवारी येत नाहीत म्हणून मी पहिल्याच महिन्यात दाराला कुलूप घातलं. त्यांना विचारलं नाही. देवाधर्माचं काय विचारायचं? आणि त्या दिवशी त्या फिरकतच नसल्यानं त्यांना कळलंही नाही.

चिकलठाण्यात कारखान्यांच्या मागं पत्र्याच्या खोलीत आम्ही मुलं सांभाळायचो, पण बाईंचा जीव होता त्या मुलांच्या मोठ्या बहिणींत. आई ड्युटीवर गेली की धाकटं पोरीच्या कडेवर, आणि पोरीची शाळा बंद. म्हणून मूल घ्यायची त्यांची एकच अट होती, बहीण शाळेत गेली पाहिजे. सकाळी दारात उभ्या राहून त्या आधी बहिणीचं दप्तर बघत, मग मुलाला आत घेत.

पिशोरहून आलेल्या एका कुटुंबातली पोर पाचवीत होती. गणितात मला भारी पडायची. सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेला तिला बाईंनीच बसवलं होतं. ती परीक्षा एकदाच देता येते. ती नेमकी शनिवारी आली. तोवर बाई आजारानं अंथरुणाला खिळल्या होत्या. गुरुवारी पोर दाराशी घुटमळली.

"ताई, शनिवारी आईची ड्युटी हाय. बाळाला ठिवून घ्याल का?"

मी म्हटलं, शनिवारी बंद असतं, बाईंचा धर्म आहे, आईला रजा घ्यायला सांग. ती मान हलवून गेली. वाद घातला असता तर कदाचित माझी अक्कल ठिकाणावर आली असती.

रजा मिळाली नाही. शनिवारी ती भावाला घेऊन आली होती, दुपारपर्यंत पायरीवर बसून होती, असं समोरच्या टपरीवाल्यानं सोमवारी सांगितलं. मी तेव्हा गुलमंडीच्या बाजारात साडीवर ब्लाउजपीस जुळवत होते.

मी मुख्याध्यापकांकडं गेले, शिक्षण कार्यालयात जाऊन हातापाया पडले. कुणाच्याच हातात काही नव्हतं. शेवटी बाईंपुढं जाऊन रडले. त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"मी येणार नाही म्हणाले होते. कुलूप लाव असं कधी म्हणाले?" मग हळूच म्हणाल्या, "शनिवारी आजोबांचा घाणा थांबायचा गं. बैलाची वैरण कुणी चुकवत नसे."

त्या वर्षीच बाई गेल्या. सातवीनंतर पोरीला गावी नेलं आणि पुढं लग्न लावून दिलं. तेव्हापासून मी एकही शनिवार बंद ठेवला नाही. त्यानं काय होतं? ज्या शनिवारी उघडायला हवं होतं तो गेलाच.

गेल्या महिन्यात ती आली. चिकलठाण्यातच पॅकिंगच्या कामाला लागलीय. कडेवर स्वतःची मुलगी होती. आत यायच्या आधी तिनं दाराच्या कडीकडं पाहिलं.

"ताई, शनिवारी उघडं असतं का आता?"

मी हो म्हटलं आणि मुलीला घ्यायला हात पुढं केले. तिच्या तोंडाकडं मला बघवलं नाही.