मास्कमधून बोलता येत नाही

शलमोनमामा पेशंटच्या पायाचा अंगठा धरून निरोप घ्यायचे. कॅन्सरचं रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे सगळे 'लाईट' म्हणतात, त्या खोलीतलं मशीन ते चालवत. माझ्यासारख्या घशाच्या पेशंटच्या तोंडावर जाळीचा मास्क चढवतात आणि तो टेबलाला चाप लावून घट्ट बसवतात. मान हलत नाही, जबडा हलत नाही. चेहरा असा जेरबंद, म्हणून मामा अंगठा धरायचे. दोनदा हलवायचे आणि म्हणायचे, "पावणं, मी हाय भाईर. हितं कोन ऱ्हायला आल्यालं न्हाय. काम झालं की घरला."

पहिल्या दिवशी मी तीनदा हात वर करून मास्क काढायला लावला. आणि मी कोण, तर मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीचा सेक्रेटरी. मिरवणुकीत दोन गट भिडले की मध्ये जाऊन उभा राहणारा, चार गल्ल्यांना ऐकू जाईल असा आवाज असलेला. त्या आवाजाच्या जागीच गाठ निघाली होती, आणि आता मी एका प्लॅस्टिकच्या जाळीला घाबरत होतो. तिसऱ्या वेळी मामा स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. निवृत्तीला आलेला ठेंगणा माणूस, खिशात चष्मा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी.

"भ्या वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग टेबल का हलाय लागलंय?"

मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मला तर रोज वाटतंय," ते म्हणाले. "येवढं मोठं मशीन आन् बटण माझ्या हातात. म्हणून सकाळी आदी प्रार्थना करतो, मगच बटणाला बोट लावतो."

"मग माझ्यासाठी बी करा की मामा. मला ऐकू यील अशी."

हे मी म्हणालो, माझ्या तोंडानं. त्यांनी सुचवलं नव्हतं.

मास्क चढला, मामा गेले, ते जाडजूड दार लागलं. मग स्पीकर खरखरला. "बापा, हे तुजं लेकरू भ्यालंय. मला भाईर जावं लागतंय, तुला न्हाय लागत. तू आत ऱ्हा. आमेन." एवढीच प्रार्थना. त्या खोलीत बायकोला थांबता येत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. आणि हा माणूस देवाला घरच्या माणसासारखं हक्कानं सांगत होता की तू थांब. मला रडू आलं आणि मास्कमुळे डोळे पुसता येईनात. पण हात काही मी वर केला नाही.

मग रोज तेच चाललं. चर्चला या, असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. मीच एकदा विचारलं, "मी अंबाबाईचा माणूस, मामा. तुमच्या देवाला चालतंय न्हवं?" ते म्हणाले, "भ्यालेल्याला जात इचारत बसाय त्यो काय दाखल्याचं हापिस हाय व्हय?" एका आजींना प्रार्थना नको होती. त्यांच्यासाठी मामांनी त्या आजींच्याच नातीचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला होता, तो ते स्पीकरवर लावायचे. "माया पोचाय पायजे," हे त्यांचं नेहमीचं बोलणं, "कुटल्या वाटनं का जाईना."

विसाव्या का एकविसाव्या दिवशी तालमीतली मंडळी मला बघायला आली. त्यात बाळू होता, माझा शाळेपासूनचा दोस्त. मशीन चालवायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्यातून बाळूनं 'बापा' ऐकलं, 'आमेन' ऐकलं. मी शर्ट चढवून बाहेर येईपर्यंत व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये आवाज चढले होते. "आमच्या सेक्रेटरीला बाटवताय व्हय?" बाळू ओरडत होता. मामा भिंतीला टेकून उभे होते.

व्यवस्थापकांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही यांना प्रार्थना करायला सांगितलं होतं का?"

एका शब्दाचं काम होतं. पण 'हो' म्हटलं की का सांगितलं, हेही आलं. मी भ्यालो होतो हे बाळूला कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पेठेला. मी म्हणालो, "तोंडावर मास्क असतोय सायब. मी काय सांगणार?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता; असता तर मला बरं वाटलं असतं. मग ते व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले, "खरं हाय. मास्कमदनं बोलता येत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची रवानगी तळमजल्यावर झाली, जुन्या फायलींच्या खोलीत. मशीनवर नवा मुलगा आला. कामाला चोख होता, बोलायचा नाही. उरलेले दिवस मी मास्कच्या आत मामांचेच शब्द मनात म्हणत राहिलो. ज्या माणसाला मी त्याच्या जागेवरून उठवलं, त्याचीच प्रार्थना चोरून वापरत होतो. लाज वाटायची, आणि तरी म्हणायचो, कारण दुसरं काहीच माझ्याजवळ नव्हतं.

मी बरा झालो. आवाज थोडा घोगरा झाला, पण परत आला. तालमीनं माझा सत्कार केला. 'मरणाला न भ्यालेला गडी' असं बाळू माईकवरून म्हणाला, टाळ्या पडल्या आणि मी मान खाली घालून शाल-नारळ घेतला. लोकांना तो विनय वाटला. तपासणीला मी दर तीन महिन्यांनी जात होतो. तळमजला एक जिना खाली होता. प्रत्येक वेळी ठरवायचो, आज जायचं. प्रत्येक वेळी रिपोर्ट घेऊन सरळ गेटाबाहेर पडायचो. अशानं मामा निवृत्तही होऊन गेले.

यंदा त्यांच्या पत्नीचा फोन आला. मामांचं हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. "तुमची सारकी आठवण काढत्यात," त्या म्हणाल्या. माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून बाळूच्या गाडीवरून शाहूपुरीत गेलो. कुणाकडे चाललोय हे त्याला सांगितलं नाही. तेवढंही माझ्यानं झालं नाही.

दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मामा उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. बाळू उंबऱ्याशी आला, त्यांना ओळखून तिथंच थबकला. मी कॉटवर बसलो. मामांनी माझा हात धरला.

"भ्या वाटाय लागलंय," ते म्हणाले. "जल्मभर दुसऱ्यास्नी सांगिटलं, आन् माझी येळ आली तर शब्दच सापडंनात. चर्चचं पाळकसायब येऊन गेलं, बरं वाटलं. पन तुमी करा की प्रार्थना."

"मला कुटं येतीया मामा?"

"रोज ऐकलीया की. भ्यालेल्या माणसानं केल्याली पायजे मला."

मी डोळे मिटले. "बापा, हे तुजं लेकरू भ्यालंय," इतकं म्हटलं आणि पुढचं येईना. आलं ते दुसरंच. "बापा, मीच ह्यास्नी प्रार्थना करा म्हणून सांगिटलंतं. तवा माझ्या तोंडावर मास्क नव्हता. सायबाम्होरं मी खोटं बोललो."

उंबऱ्यावर बाळू ऐकत होता. मामांनी डोळे न उघडताच माझा हात दाबला.

"ते त्याला ठावं हाय," ते म्हणाले. "मलाबी. तुमी माझ्या भ्याचं सांगा."

त्या घटकेलाही मी माझंच गाऱ्हाणं पुढे दामटत होतो. मग मी त्यांचं सांगितलं. अडखळत, चुकत, जमेल तसं सांगितलं. हे एकटे नाहीत असं कर, आम्हाला जिथं येता येणार नाही तिथं तू ह्यांच्याबरोबर जा, असं काहीतरी. संपवायचं कसं ते मला सुचेना. 'आमेन' त्यांनीच म्हटलं. त्यांची भीती गेली होती असं मी म्हणणार नाही, पण कमी झाली होती. पाचव्या दिवशी ते गेले.

प्रार्थना झाली त्या दुपारी, मामांच्या घरून खाली आल्यावर बाळूनं गाडीला किल्ली लावली, पण चालू केली नाही.

"त्या माणसाला आमी काय काय बोललो," तो म्हणाला. "तू तवाच का बोलला न्हाईस लेका?"

"भ्यालो हुतो," मी म्हणालो.